कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर : अंड्याचा शोध घेणारे आणि माशांची बाजू मांडणारे शास्त्रज्ञ



परिसर अभ्यास शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात अंडी घालणारे प्राणी, दुसऱ्यात पिल्लांना जन्म देणारे प्राणी. कोंबडी, मासा, बेडूक, साप एकीकडे आणि गाय, कुत्रा, मांजर दुसरीकडे. मुलं भराभर नावं सांगतात, रकाने भरतात, पाठ संपतो. पण एखादं चौकस मूल विचारतंच, की मग गाईच्या पोटात अंडं नसतंच का? पिल्लू एकदम कुठून येतं?

हाच प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनी जवळजवळ दोनशे वर्षं डोक्यात घोळवला होता. त्याचं उत्तर १८२७ साली मिळालं आणि ते शोधलं कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव आलं तर एका ओळीत येतं. सस्तन प्राण्याच्या अंडपेशीचा शोध, इतकंच. पण याच माणसाने पुढे माशांच्या अंड्यांवर काम केलं आणि म्हातारपणाकडे झुकलेला असताना कोळ्यांच्या होड्यांतून फिरून मासे का कमी होतात हेही शोधलं. या दोन्ही कामांचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे. म्हणून आज त्यांची पूर्ण गोष्ट पाहू या.

बालपण आणि शिक्षण

बेअर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७९२ रोजी आजच्या एस्टोनिया देशातील पीप या गावच्या जहागिरीत झाला. त्या काळी हा भाग रशियन साम्राज्यात होता आणि बेअर घराणं जर्मन भाषा बोलणारं होतं. घरात भावंडं पुष्कळ. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, म्हणून लहानग्या कार्लला त्यांच्याकडे ठेवलं गेलं. सातेक वर्षांचा झाल्यावर तो आईवडिलांकडे परत आला. घरीच शिक्षक ठेवून अभ्यास झाला आणि याच वयात रानातली झाडं-रोपं गोळा करून ओळखायचा नाद लागला.

पुढे रेव्हाल म्हणजे आजच्या टॅलिनमधील शाळा आणि मग १८१० पासून डोर्पाट (आजचं टार्टू) इथल्या विद्यापीठात वैद्यकाचं शिक्षण. १८१२ साली नेपोलियनने रशियावर स्वारी केली. तेव्हा बेअर रीगा शहरात जखमी आणि आजारी सैनिकांच्या सेवेला गेले आणि तिथे स्वतःच टायफसने आजारी पडले. त्यातून वाचले. १८१४ साली डॉक्टर झाले. पण हातात पदवी असूनही त्यांना वाटत होतं, की आपल्याला रोग बरे करण्याचं पुरेसं ज्ञान नाही. ते आणखी शिकायला बर्लिन आणि व्हिएन्नाला गेले.

एक जळू आणि एक चांगला शिक्षक

१८१५ साली ते जर्मनीतल्या वुर्झबर्गला पोहोचले. तिथे इग्नाझ डोलिंगर नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे वेगवेगळ्या प्राण्यांची शरीररचना शिकायची, असं बेअर यांनी ठरवलं होतं. पण त्या सत्रात त्या विषयाची व्याख्यानंच नव्हती! बेअर हिरमुसले. तेव्हा डोलिंगर यांनी त्यांना सुचवलं, की व्याख्यानाचं काय घेऊन बसलात, कुठलाही एखादा प्राणी घेऊन या आणि इथे बसून उलगडून बघा. दुसऱ्या दिवशी बेअर औषधाच्या दुकानातून एक जळू घेऊन आले. डोलिंगर यांनी जळू कशी उघडायची ते दाखवलं आणि बाजूला आपलं काम करत बसले. मधूनमधून येऊन बघायचे, इतकंच.

शिक्षक म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तास झाला नाही, पण शिक्षण झालं. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि जे दिसलं नाही ते दिसलं म्हणायचं नाही, ही सवय बेअर यांना त्या टेबलाशी लागली.

याच डोलिंगर यांच्याकडे क्रिश्चन पांडर या बेअर यांच्या मित्राने कोंबडीच्या अंड्यांचा अभ्यास केला. शेकडो अंडी उबवायची आणि ठरावीक तासांनी फोडून आत पिल्लू कसं घडतंय ते पाहायचं, असं ते काम. हे खर्चिक काम बेअर यांना तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं. पण १८१७ साली ते कोनिग्सबर्ग (आजचं कालिनिनग्राड) विद्यापीठात नोकरीला लागले आणि पांडर जिथे थांबले होते तिथून त्यांनी पुढे सुरुवात केली.

न सापडणारं अंडं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माशाचं अंडं शोधावं लागत नाही. बाजारातून आणलेली मादी कापली की गाभोळी दिसतेच. लहान मुलालाही कळतं की ही अंडी आहेत. बेडकाचंही तसंच. कोंबडीचं तर विचारायलाच नको. पण कुत्री, गाय, मेंढी यांच्या पोटात असं काही दिसत नाही.

इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी राजाच्या शिकारीतल्या हरिणी उघडून पाहिल्या. १६५१ साली त्यांनी प्राण्यांच्या उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला, पण हरिणीचं अंडं काही त्यांना सापडलं नाही. १६७२ साली हॉलंडच्या रेग्निए द ग्राफ यांनी अंडाशयावरच्या पाण्याने भरलेल्या फोडांसारख्या पुटिकांचं वर्णन केलं. त्यांनाच आपण आज ग्राफियन पुटिका म्हणतो. पुष्कळांना वाटलं की हीच अंडी. पण गंमत अशी, की गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळीत जी अगदी लहान अंडी कधीकधी सापडत, ती या पुटिकेपेक्षा कितीतरी बारीक असत. मोठ्या वस्तूतून निघालेली वस्तू लहान कशी? इथे सगळ्यांची गाडी अडली होती.

बेअर यांनी उलट दिशेने जायचं ठरवलं. आधी नळीतली अंडी शोधायची, मग मागेमागे जात ती कुठून निघाली ते पाहायचं. १८२७ च्या वसंत ऋतूत त्यांनी अगदी योग्य वेळेची कुत्री मिळावी म्हणून चौकशी केली. त्यांचे वरिष्ठ सहकारी बुरडाख यांच्या घरी तशी एक कुत्री होती, ती या कामासाठी दिली गेली. आजच्या विद्यार्थ्यांना हे वाचून वाईट वाटेल आणि वाटायलाही हवं. तेव्हा मात्र दुसरा मार्ग नव्हता.

अंडाशय पाहताना बेअर यांना एका पुटिकेत पिवळसर ठिपका दिसला. मग दुसरीत, तिसरीत. जवळजवळ सगळ्यांत एकेक ठिपका! त्यांनी एक पुटिका उघडली, तो ठिपका सुरीच्या टोकावर अलगद उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पाहताक्षणी ते दचकून मागे झाले. समोर स्वच्छ कडा असलेला, पिवळसर द्रव्याने भरलेला एक नेटका गोळा होता. पुन्हा पाहायला त्यांना थोडा वेळ धीर होईना, कारण आपल्याला भास तर झाला नाही ना, अशी भीती वाटली. भास नव्हता. पुटिका म्हणजे अंडं नव्हतं. अंडं पुटिकेच्या आत होतं, जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं.

त्याच वर्षी त्यांनी हा शोध लॅटिन भाषेत छापून प्रसिद्ध केला. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी बर्लिनला शास्त्रज्ञांचं संमेलन भरलं, बेअर तिथे गेले, पण या विषयावर कोणी चकार शब्द काढेना. अखेर एका स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने ते अंडं बघायची इच्छा दाखवली, तेव्हा कुठे त्यांना ते दाखवण्याची संधी मिळाली.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. बेअर यांचंही सगळं बरोबर नव्हतं. कोंबडीच्या अंड्यात एक लहानसा फुगा असतो, तो १८२५ साली पुर्किंजे यांनी शोधला होता. आपल्याला सापडलेलं कुत्रीचं अंडं म्हणजे त्या फुग्याशी जुळणारी गोष्ट, असं बेअर समजले. खरं तर तो फुगा म्हणजे अंडपेशीचं केंद्रक, हे पुढे इतरांच्या कामातून स्पष्ट झालं. सजीव पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांतच मुळी १८३८-३९ मध्ये मांडला गेला. त्यामुळे बेअर यांनी जे शोधलं ती एक पेशी आहे, हे त्यांना त्या वेळी म्हणता येणं शक्यच नव्हतं.

गाभोळीच्या आत काय चालतं?

१८२८ साली बेअर यांच्या प्राण्यांच्या विकासावरील मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग आला. १८३४ साली त्यांनी बेडकाच्या अंड्याचे भाग कसे पडत जातात यावर लिहिलं आणि १८३५ साली माशांच्या विकासावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात माशाचं वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, अन्ननलिकेच्या बाजूने फुगवटा येऊन कशी तयार होते, तेही त्यांनी दाखवलं.

बेअर यांच्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांत माशाच्या अंडाशयाबद्दल बरंच कळलं आहे. त्यांचं पुढचं काम समजायला ते थोडक्यात पाहू.

मादी माशाच्या अंडाशयात सुरुवातीला अगदी बारीक, पारदर्शक पेशी असतात. त्या विभागून आपली संख्या वाढवतात. त्यांतल्या काही पेशी विभागणं थांबवून वाढू लागतात. प्रत्येक वाढत्या अंडपेशीभोवती लहान पेशींचं एक वेष्टन तयार होतं. म्हणजे इथेही पुटिका आहेच, फक्त कुत्रीच्या पुटिकेसारखी पाण्याने फुगलेली नाही. बऱ्याच माशांत अंडपेशी या अवस्थेत महिनोन् महिने थांबून राहते.

मग ऋतू बदलतो. दिवस लहान-मोठा होतो, पाण्याचं तापमान बदलतं. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी अंडाशयाला संदेश देते. अंडाशयातून एक संप्रेरक रक्तात जातं आणि यकृताला कामाला लावतं. यकृत व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवतं, ते रक्तातून अंडाशयापर्यंत येतं आणि अंडपेशी ते शोषून घेते. हेच पीतक, म्हणजे आपल्या बोलीत अंड्यातला बलक. पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत त्याची शिदोरी हीच! ही शिदोरी भरताना अंडपेशी कित्येक पट मोठी होते आणि अपारदर्शक, पिवळसर दिसू लागते. आपण गाभोळी म्हणून ओळखतो ती बहुधा या अवस्थेतली असते.

शेवटी अंडपेशीचं केंद्रक मधून कडेला सरकतं, त्याचं आवरण विरघळतं, वेष्टन फुटतं आणि अंडं मोकळं होतं. परिस्थिती बिघडली, तर भरलेली अंडी बाहेर न पडता अंडाशयातच विरघळतात आणि शरीर ती परत शोषून घेतं.

शिक्षकांनी इथे एक फरक लक्षात ठेवावा. मुलीच्या अंडाशयातल्या सगळ्या अंडपेशी तिच्या जन्माआधीच तयार झालेल्या असतात. बहुतेक माशांत मात्र मोठेपणीही नव्या अंडपेशी तयार होत राहतात, म्हणून दरवर्षी गाभोळी पुन्हा भरते. पण पहिली गाभोळी भरायला मासा आधी पुरेसा मोठा व्हावा लागतो. काही मासे वर्षभरात तयार होतात, काहींना अनेक वर्षं लागतात. कास्पियन समुद्रातल्या बेलुगा स्टर्जन मादीला तर पहिल्या अंड्यांसाठी साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात.

खोलीतून बाहेर

कोनिग्सबर्गच्या वर्षांत बेअर यांनी स्वतःला कामात गाडून घेतलं होतं. एका वर्षी बर्फ पडलेला असताना ते खोलीत शिरले आणि बाहेर पडून शहराच्या तटापर्यंत चालत गेले तेव्हा शेतात राईची कणसं भरली होती! पूर्ण वसंत आपल्याला न दिसता निघून गेला, हे पाहून त्यांना भडभडून आलं. पुढे प्रकृतीही ढासळली.

१८३४ साली ते कुटुंबासह सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेले आणि आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला. १८३७ साली ते उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेमल्या बेटांवर गेले आणि तिथल्या वनस्पती-प्राण्यांचा अभ्यास केला.

१८५१ साली सरकारने त्यांच्यावर वेगळीच कामगिरी सोपवली. आजच्या एस्टोनिया आणि रशिया यांच्या सीमेवर पैपुस नावाचं मोठं सरोवर आहे. तिथले मासे कमी होत चालले होते. का, ते शोधायचं होतं. बेअर तेव्हा साठीला आले होते. ते काठावरच्या गावांतून फिरले, कोळ्यांशी बोलले, त्यांची जाळी हातात घेऊन पाहिली, जाळ्यात आलेले मासे तपासले.

कारण सापडलं ते जाळ्यांच्या आसात. आस म्हणजे जाळ्याचं भोक, हे आपल्या कोकणातल्या मुलांना सांगावं लागत नाही. तिथे बारीक आसाची जाळी वापरली जात होती. त्यांत ब्रीमसारख्या मोठ्या होणाऱ्या माशांची पिल्लंही अडकत. एकदाही अंडी न घातलेले मासे टोपल्या भरभरून बाहेर येत होते. एक ब्रीम मादी मोठी झाली तर एका हंगामात लाखाच्या घरात अंडी घालते. ती लहानपणीच पकडली, तर हाताला येते मूठभर चटणी आणि सरोवरातून जातात पुढच्या सगळ्या गाभोळ्या. बेअर यांनी बारीक जाळ्यांवर बंधन घालावं अशी शिफारस केली. त्या भागात मासेमारीचे नियम पुढे झाले, त्यांमागे त्यांचं हे काम होतं.

पटकन वाटेल, की यात काय मोठं? पण त्या काळी मासे म्हणजे न संपणारी गोष्ट, असा सर्वसाधारण समज होता. शिवाय नियम केला की गरीब कोळ्याच्या आजच्या भाकरीला धक्का बसतो. इथे एका बाजूला आजची भूक आणि दुसऱ्या बाजूला उद्याचा मासा, असा खरा पेच होता. बेअर यांना दोन्ही बाजू दिसत होत्या, याचा पुरावा त्यांच्या पुढच्या मोहिमेत मिळतो.

वेडा मासा

१८५३ पासून तीन-चार वर्षं ते व्होल्गा नदी आणि कास्पियन समुद्राच्या मोहिमेवर होते. तिथे हेरिंगच्या जातीचा एक मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत वर चढतो. त्या दिवसांत तो पाण्याच्या वरच्या थरात गरगर फिरतो, तडफडतो. म्हणून लोकांनी त्याचं नावच वेडा मासा असं ठेवलं होतं. खाल्ला तर माणसालाही वेड लागेल अशी समजूत होती. त्यामुळे ढिगांनी सापडणारा हा चांगला मासा नुसता तेल काढायला उकळला जाई.

अंड्यांचा अभ्यास केलेल्या माणसाला त्यात वेड दिसलं नाही. ती अंडी घालायच्या प्रवासातली दमछाक होती. बेअर यांनी हा मासा मीठ लावून खाण्यासाठी टिकवायला सुचवलं. क्रिमियाच्या युद्धामुळे परदेशी खारवलेला हेरिंग यायचा बंद झाला होता, त्यामुळे सल्ला लगेच उपयोगी पडला. जो मासा फुकट जात होता तो लोकांच्या ताटात आला. पिल्लं पकडू नका, हे सांगणाऱ्यानेच काय खाता येईल तेही दाखवलं.

अखेरची वर्षं

१८६७ साली बेअर डोर्पाटला परतले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिलं. डार्विन यांनी आपल्या सिद्धांतासाठी बेअर यांच्या भ्रूणांवरील कामाचा आधार घेतला, पण स्वतः बेअर यांना नैसर्गिक निवडीचा विचार शेवटपर्यंत पटला नाही. शास्त्रज्ञांमध्ये असेही मतभेद असतात, हे मुलांना कळायला हरकत नाही. २८ नोव्हेंबर १८७६ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, डोर्पाट इथे त्यांचं निधन झालं. पुढे स्वतंत्र एस्टोनियाने आपल्या दोन क्रूनच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं.

वर्गात घेताना

१. फळ्यावरचे ते दोन रकाने जरूर आखा, पण शेवटी एक वाक्य लिहा : अंडं दोन्हीकडे असतं. एकीकडे ते बाहेर घातलं जातं, दुसरीकडे आतच वाढतं.

२. बेअर यांनी एकदा दोन भ्रूण बाटलीत ठेवले आणि चिठ्ठी लावायची राहून गेली. नंतर ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे, हे त्यांनाही सांगता येईना. सुरुवातीला सगळे भ्रूण सारखे दिसतात आणि वेगळेपण नंतर येतं, हा त्यांचा नियम या गोष्टीतून सहज समजतो.

३. ज्या गावात मासे खाल्ले जातात तिथे पालकांच्या मदतीने थोडी गाभोळी आणून भिंगातून दाखवता येईल. सगळे दाणे सारखे आहेत की लहान-मोठे, हे मुलांनाच सांगू द्या. डोलिंगर सरांसारखं आपण जरा बाजूला बसायचं!

४. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हे दिवस अनेक माशांच्या प्रजननाचे. बंदी का असते, हे मुलांना आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात का घालत नसत, याचं एक कारण वादळी समुद्र आणि दुसरं कारण हे.

पालकहो, बाजारात बोटाएवढी पापलेटं स्वस्त मिळाली, तर टोपलीत हात घालण्याआधी मुलाला एवढंच विचारा, की याने एकदा तरी अंडी घातली असतील का? उत्तर मूल स्वतःच देईल.